पेन्शनीतली वजाबाकी

लष्करातून निवृत्त होऊन केंद्र सरकारच्या एखाद्या कार्यालयात चिकटलेल्या जवानापुढे 1972 च्या पेन्शन नियमांनी एक पेच टाकला होता. लष्कराची पेन्शन चालू ठेव, मग ती वर्षं इथे विसर. नाहीतर ती वर्षं इथे जोडून घे, पण आजवर घेतलेली पेन्शन परत कर. हप्त्यांची सोय होती, 36 पर्यंत. सरकार एवढं काही निर्दय नाही!

1 जानेवारी 2004 पासून केंद्राच्या नव्या नागरी नोकरांसाठी जुनी पेन्शनच गेली. महाराष्ट्राने 1 नोव्हेंबर 2005 ची रेघ मारली. सैन्यदलांना मात्र केंद्राने या बदलातून वगळलं, कारण सीमेवरचं काम वेगळं, हे सरकारलाही पटलं होतं. म्हणजे गणवेशात असेपर्यंत जुनी पेन्शन, आणि तोच माणूस टेबलापाशी बसला की नव्या नोकरीपुरता बाजाराच्या हवाली.

या सगळ्या हिशेबाला कंटाळूनच बहुधा 14 जून 2022 रोजी सैन्यभरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षं, मग सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी, आणि राम राम. कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के. बाकीच्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटीही नाही. सेवा कुठे जोडायची हा प्रश्नच मिटला. कारकुनांनी पेढे वाटायला हरकत नाही.

जवानाला पेन्शनसाठी साधारण 15 वर्षं लागतात. माजी खासदाराला 2004 पासून किमान कालावधीची अटच नाही.