बाराबंदी आणि तुमचे चिरंजीव

लंडन

ती. आईंस,


फोनवर तुम्ही विचारलंत, कादंबरी कुठवर आली? तेव्हा हे शेजारीच बसले होते, म्हणून आता सविस्तर लिहिते. कादंबरी 1787 पर्यंत आली आणि तिथेच बसकण मारून आहे. बिंबाजी भोसले गेलेत, त्यांच्या पत्नी आनंदीबाईंना रतनपूरचा कारभार सोडायचा नाही, नागपूरहून व्यंकोजींना आपला सुभेदार बसवायचाय, आणि या धामधुमीत मध्यरात्री मला हलवून हे विचारतात, "अगं, सुभेदार झोपेतून उठला तर अंगात काय घालेल?"

मला काय, निमित्तच हवं होतं. बाराबंदी म्हटलं आणि शिवायलाच घेतली. सिंगरच्या मशीनचं पेटंट 1851 चं; त्याआधीचा कपडा करायचा तर हातानेच, धावदोरा, उलट टाका, तुरपाई. त्यामुळे लेखकाला लागणारी शांतता घरात आपोआप नांदते. (पडदे मशीनवर शिवले की मात्र यांची प्रतिभा दुखावते.)

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने 2025 मध्ये पूर्व लंडनला आपलं कोठारच लोकांना खुलं केलंय. आधी नोंदवलं तर पाच वस्तूंपर्यंत मागवून जवळून बघता येतात, तेही फुकट. मी एक जुना अंगरखा मागवला. लोक जरीकाम बघतात, मी काख बघितली. तिथे चौकोनी तुकडा तिरका बसवलेला असतो. तो नसेल तर हात वर जात नाही. पराक्रम राहू दे, तलवार उपसायला आधी काख मोकळी हवी, असं मी म्हटलं. ते वाक्य आता आनंदीबाईंच्या तोंडी आहे!

मग परीक्षा झाली. यांच्या मूळ प्रकरणात हाक येताच सुभेदार ताडकन उठतो, बाराबंदी चढवतो आणि पुढच्याच ओळीत घोड्यावर असतो. मी दिवा मालवला, यांना झोपवलं आणि हाक मारली. अंधारात आतले बंद बाहेरच्यांना बांधले गेले, एक तर थेट पांघरुणाला. तेवढ्यात नागपूरची फौज रायपूर ओलांडून, रतनपूरला पोचून, जेवून हात धुऊन बसली असती. आता सुधारित सुभेदार नुसतं उपरणं खांद्यावर टाकून धावतो. म्हणजे माझ्या बाराबंदीला कादंबरीत जागाच उरली नाही. मी काही बोलले नाही. ओळ खोडायला क्षण पुरतो, तुरपाईला रात्री जातात, एवढंच तुमच्या कानावर घालते.

बाराबंदी वाया नाही गेली. गणपतीत हे ती घालून इथल्या महाराष्ट्र मंडळात गेले. (1932 चं मंडळ, पण अशी बाराबंदी तिथेही क्वचितच कोणी पाहिली असेल.) एका काकूंनी भटजी समजून पाच पौंड दक्षिणा ठेवली हातात. लेखनातून झालेली ही पहिली कमाई. तिकडे रायपूरला चौबे कॉलनीच्या मंडळात सांगू नका, तिथे यांना लेखक म्हणून ओळखतात.

आता आनंदीबाईंचं प्रकरण येतंय. पंडरीच्या कापडबाजारात गेलात तर चांप्याचा कोसा घ्याल का? नऊवार निघेल एवढा, मूळ रंगाचाच, रंगवलेला नको. यांना बोलू नका. प्रकरण खोडलं तर खोडू देत, लुगडं मीच नेसणार आहे.

तुमची सून