हैदराबाद पाहून गेलेल्या नानाकाकांस

ती. नानाकाकांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

आपण सर्व मंडळी देवगिरी एक्सप्रेसनं परभणीला सुखरूप पोचलात, हे काकूंच्या फोनवरून कळलं. जीव भांड्यात पडला. तुम्ही नीट पोचलात म्हणूनही आणि तुम्ही गेलात म्हणूनही. पत्र मुद्दाम खुलं लिहितो आहे. बंद पाकीट तुम्ही चष्मा सापडत नाही म्हणून फळीवर ठेवून दिलं असतं. शिवाय घरोघरी एक नानाकाका असतातच, त्यांनाही पोचेल.

आधी आभार. नोकरीसाठी हैदराबादला राहायला आल्यापासून मला वाटत होतं, इथं बघण्यासारखं बरंच आहे. तुम्ही एका मुक्कामात हा गैरसमज मुळासकट उपटलात. गोवळकोंड्याला प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली मी टाळी वाजवली, ती वर बाला हिसारला तुम्हाला स्वच्छ ऐकू आली, आणि खाली आल्यावर तुम्ही म्हणालात, "आपल्याकडे देवगिरीला अंधारी आहे." आहे ना! तिला कुणी पळवून इथं आणलेली नाही. चारमिनारपुढे तुमचा प्रश्न, "1591 पासून उभा आहे आणि अजून पार्किंगची सोय नाही?" हुसेनसागरातल्या बुद्धमूर्तीबद्दल मी घसा कोरडा करून जे सांगितलं, त्यातली एकच गोष्ट तुमच्या लक्षात राहिली. ती म्हणजे 1990 साली नेताना मूर्ती तळ्यात बुडाली आणि 1992 मध्ये वर काढली. मग बोटवाल्याला "तीच का ही, बुडालेली?" असं विचारून तुम्ही काठावरच बसलात. इराण्याच्या चहात पाणी नाही ही तक्रार. उस्मानिया बिस्किटानं गोड की खारट ते एकदा ठरवावं ही सूचना. पत्थरगट्टीत काकूंसाठी मोती बघताना तुम्ही दुकानदारादेखत एकेक मोती दातावर घासलात. तो बिचारा "चचा, खाओ नक्को" एवढंच म्हणाला. माळकरी माणसाला बिर्याणीच्या शहरात भाकरी शोधून देणं हे तर पुतण्याचं कर्तव्यच, त्याबद्दल ब्र काढत नाही.

पण सालारजंग संग्रहालयातलं घड्याळ? नाही काका, ते मी सोडणार नाही.

त्या घड्याळात एक छोटा लोहार सेकंदासेकंदाला घण मारत असतो. तास भरला की एक दाढीवाला बाहुला बाहेर येतो, जितके वाजले तितके ठोके देतो आणि आत जातो. बाराला बारा ठोके, म्हणून बाराला गर्दी. लोक आधी बाकांवर आणि मग जमिनीवर, मंगलाष्टकांची वाट पाहणाऱ्या वऱ्हाडासारखे बसतात. तुम्हाला पुढची जागा मिळावी म्हणून मी केव्हापासून पिशवी ठेवून बसलो होतो. एका शाळेच्या सहलीशी त्या जागेवरून भांडलो होतो. आणि बाराला दोन मिनिटं असताना तुमचा फोन वाजला. शेतातली मोटर! "चालू केलास का? लाइट आली का? मग बघ की जाऊन!" करत तुम्ही उठलात आणि थेट व्हरांडा गाठलात. इकडे दाढीवाला आला, समोर मोबाइलच मोबाइल वर झाले, बारा ठोके पडले, दाढीवाला गेला. तुम्ही परत आलात.

"काय झालं?"

"झालं, काका."

"मग पुन्हा वाजवायला सांग त्यांना."

पुन्हा वाजवायला सांग! एक वाजता पुन्हा वाजतं म्हटलं, तर "एका ठोक्यासाठी तासभर कोण बसतंय?" आणि निघता निघता शेरा, "घड्याळच तर आहे. आपल्या ओसरीवर पण आहे." ते बंद आहे, काका. माझ्या दहावीपासून बंद आहे.

एवढ्यावर भागलं असतं तर हे पत्र लिहिलंच नसतं. काल धाकट्याचा फोन आला. तुम्ही म्हणे पारावर बसून ते घड्याळ रंगवून सांगत होतात! दाढी केवढी, तो बाहेर कसा येतो, ठोका कसा छातीत बसतो! संताप येतो, काका. शहरात आलात की गावाची फुशारकी आणि गावात गेलात की शहराची. म्हणजे मी जिथं असेन तिथं उणंच का? एकदा, फक्त एकदा माझ्या तोंडावर "बरं आहे रे तुझं गाव" म्हणाला असतात, तर तुमच्या पदरचं काय गेलं असतं?

निजामाच्या चौमहल्ला राजवाड्यातलं मात्र डोक्यातून जात नाही. खिलवत दरबारात तुम्ही मान वर करून झुंबरं बोटानं मोजलीत. मागून लोक ढकलत होते, तुम्ही हलला नाहीत. मग मला जवळ बोलावून म्हणालात, "ह्यातला एखादा लोलक आपल्या शेतसाऱ्यातला असेल बघ."

मला त्यावर काही बोलता आलं नाही. 'टाइम' साप्ताहिकानं 1937 साली जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून ज्याला मुखपृष्ठावर छापलं, त्या निजामाच्या राज्यात आपली परभणी 17 सप्टेंबर 1948 पर्यंत होती. पुढं 1956 पर्यंतही मराठवाड्याची राजधानी हैदराबादच. माझ्यासाठी हे पगाराचं शहर आहे. तुमच्या घरात त्याचं नाव निघायचं ते साऱ्यावरून, नाहीतर रझाकारांवरून. असा माणूस इथं येऊन "वा, काय थाट!" म्हणणार तरी कोणत्या तोंडानं? हे मी गाइडच्या थाटात मिरवताना ध्यानातच घेतलं नव्हतं, असं समजू नका. पण तुमच्याकडून ते ऐकताना पोटात खड्डा पडला.

असो. घड्याळाचा राग कायम आहे. पुढच्या खेपेला थंडीत या, शुक्रवार टाळा (सालारजंगही बंद, चौमहल्लाही बंद), आणि मोटरीचं काम कुणावर तरी सोपवून या. तोवर पारावर सांगायचंच असेल तर घड्याळाचं सांगू नका. झुंबरांचं सांगा. ती तुम्ही स्वतः पाहिलीत आणि मोजलीतही. 19 आहेत.

आपला आज्ञाधारक
पुतण्या