नागपुरात रस्ता कसा निवडावा

मोबाइलमधला नकाशा आधी खिशात टाका. त्याला अंतर कळतं. कोणत्या चौकात तुमचं चालान फाटलं होतं, ते त्याला कुठून कळणार?

मग आपल्यापुरते बंद असलेले रस्ते आठवा. ते खरोखर बंद असायलाच हवेत, असं काही नाही. मनीषनगरच्या रेल्वे फाटकाशी भर मे महिन्यात ज्यांनी मालगाडीचे डबे मोजले, ते तिथे पूल झाल्यावरही घरून अर्धा तास आधी निघतात. वर्धा रोडवर डबलडेकर पूल उभा राहिला, वरून मेट्रो, मधून गाड्या. त्या ३.१४ किलोमीटरची गिनीज बुकानं दखल घेतली, आमच्या काकांनी अजून घेतलेली नाही. "पुलावर चढलो अन् वळण हुकलं, तं थेट एअरपोर्टच नं बावा!"

अंबाझरीची गोष्ट वेगळी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं. आभाळ भरून आलं की तिकडचा रस्ता टाळणाऱ्याला हसू नका.

चौकात थबकणं ही वरच्या इयत्तेची विद्या. अमेरिकेतल्या टोलमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं उंदरांत ती पाहिली होती. दोन वाटा फुटतात तिथे उंदीर थांबतो, एकदा इकडे बघतो, एकदा तिकडे. पुढे जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदराच्या मेंदूत जागा ओळखणाऱ्या पेशी दाखवल्या. २०१४ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. थबकलेल्या उंदराच्या डोक्यात या पेशी आधी एका वाटेच्या क्रमानं जाग्या होतात, मग दुसरीच्या. म्हणजे पठ्ठ्या जागचा न हलता दोन्हीकडे जाऊन येतो. तेव्हा व्हेरायटी चौकात हिरवा दिवा लागूनही स्कूटरवर एक पाय टेकून बसलेल्या काकांना हॉर्न मारू नये. ते सध्या धंतोलीत आहेत. तिथून सदरला जातील, मग गिअर टाकतील.

पत्ता सांगताना खूण आज नसलेलीच द्यावी. "तिथं आधी टॉकीज होती नं, तिथून डाव्या हाताला." ऐकणारा गोंधळला, तर तो बाहेरगावचा समजावा.

स्वतःच्या आठवणी कमी पडल्या, तर पानठेल्यावर विचारा. दोघं असतील तर दोघं दोन रस्ते सांगतील आणि आपसात भांडतील. तोवर खर्रा घोटणाऱ्याकडे बघा. मान वर न करता तो हनुवटीनं जिकडे दाखवेल, तिकडे गाडी घाला.