रंग कसा होता?

विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर, आणि हे अंतर कापणाऱ्या लोकलला संडास नाही. विरारच्या माणसाचा स्वभाव समजून घ्यायचा तर एवढी माहिती पुरे. 1909 साली ओखिल चंद्र सेन नावाच्या बंगाली प्रवाशाने फणस जरा जास्तच हाणला, वाटेत तांब्या घेऊन उतरला, तेवढ्यात गार्डाने शिट्टी मारली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात धोतर, असा धावता धावता गडी फलाटावर आडवा! त्याने रेल्वेला लिहिलेलं तक्रारपत्र प्रसिद्ध आहे, आणि गाड्यांना संडास आले ते त्यामुळेच, असं सांगतात. आमच्यापर्यंत काही ते पत्र पोचलं नाही. नायगाव-भाईंदरच्या मधे, खाली खाडी, वर गर्दी, आणि सिग्नल लाल असताना पोटात कळ आलेल्या माणसाचा चेहरा ज्याने पाहिलाय, तो पहाटे पाचला उठून घरातल्या प्रत्येकाला ‘झालं का?’ का विचारतो, हे वेगळं सांगायला नको.

तर पोट साफ झालं की नाही, ही आमच्याकडे सार्वजनिक बातमी. जिन्यात, गच्चीत, भाजीवाल्यापाशी, कुठेही. पण डॉक्टरांसमोर बसलं की त्याच माणसाची दातखीळ बसते.

“काय होतंय?”

“पोट बिघडलंय.”

“म्हणजे?”

“म्हणजे... बिघडलंय.”

किती वेळा, हे कसंबसं सांगून होतं. ‘रंग कसा होता?’ म्हटलं की पेशंट भिंतीवरचं कालनिर्णय वाचायला लागतो. मग मागून बायकोचा आवाज येतो, “ह्यांना काय विचारता, हे बघतात कुठे?”

आमच्या डॉक्टरांनी यावर तोड काढली आहे. लुईस आणि हीटन या ब्रिस्टलच्या जोडीने 1997 साली प्रसिद्ध केलेला सात चित्रांचा तक्ता त्यांनी टेबलाच्या काचेखाली सरकवलाय. पहिलं चित्र शेळीच्या लेंड्यांचं, सातवं निव्वळ पाण्याचं, तिसरं-चौथं म्हणजे सुखी संसार. मल आतड्यात जितका रेंगाळेल तितकं पाणी शोषलं जाऊन तो घट्ट होतो. घाईने निघाला तर पातळ. इतका साधा हिशेब. पेशंटने बोलायचं नाही, नुसतं बोट ठेवायचं. सहाव्या-सातव्या चित्रावरची काच बोटांच्या ठशांनी कायम धुरकटलेली असते, आणि जुलैत तर खालचं चित्रच दिसत नाही.

रंगाचं प्रकरण मात्र बोटाने भागत नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या काकांना एका सकाळी सगळं लाल दिसलं. त्यांनी मुलाला पुण्याहून बोलावून घेतलं, काकूंना लॉकरची किल्ली कुठे असते ते सांगितलं (काकूंना ते लग्नापासून माहीत होतं) आणि गंभीर चेहऱ्याने दवाखाना गाठला.

“काल काय खाल्लंत?”

“विशेष काही नाही. बिटाची कोशिंबीर. दोन वाट्या. चांगली झाली होती.”

मलाचा नेहमीचा तपकिरी रंग पित्तातून येतो. आतड्यातले जंतू पित्तातल्या बिलिरुबिनचं रूपांतर करत करत स्टर्कोबिलिन बनवतात, त्याचा तो रंग. जुलाबात जंतूंना तेवढी उसंतच मिळत नाही, म्हणून हिरवट दिसतं. लोहाच्या गोळ्या चालू असल्या की काळं. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण गोळ्या नसताना डांबरासारखं काळं, चिकट, भयंकर वासाचं झालं, तर जठराच्या आसपास कुठेतरी रक्त वाहत असू शकतं. पांढुरकं, मातकट झालं आणि लघवी गडद, तर पित्ताची वाट अडलेली असू शकते. बीट न खाताही लाल दिसलं, वजन उतरत चाललं, ताप आला, झोपेतून उठावं लागलं, तर ओवा चावत बसू नये आणि ‘मूळव्याध असेल’ असा निकाल परस्पर देऊ नये. आमच्याकडे हा निकाल वॉचमनसुद्धा देतो.

उपाय तर माणशी एक. डाळिंबाची साल, मुरडशेंग, कुड्याची साल, उगाळलेलं जायफळ. पावसाळ्यात तळमजल्यात पाणी शिरलं की ही सगळी फार्मसी जिन्यात भरते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे सांगितलं की नाकं मुरडतात. हे काय औषध? 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावरच असंख्य माणसं जगवली. साखर आतड्याच्या भिंतीतून मिठाला सोबत नेते आणि त्यांच्यामागून पाणी जातं. चमचे मात्र मोजून घ्यायचे, अंदाजपंचे नाही.

काकांचं बिटावर समाधान झालं नाही. डॉक्टर नको म्हणत असताना त्यांनी तपासणी करायचीच ठरवली. डबी कागदात, कागद पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि काका शेअर रिक्षात मधल्या सीटवर. शेजारी ओळखीच्या बाई.

“आगाशीहून का? सुकेळी वाटतं!”

काकांनी पिशवी छातीशी धरली.

“एवढं काय लपवता, चवीपुरतं एक द्या की.”

काका दोन स्टॉप आधीच उतरले आणि उरलेलं अंतर उन्हात चालत गेले.

संध्याकाळी रिपोर्ट आला. रंग तपकिरी, घट्टपणा मऊ, आव नाही, रक्त नाही, कृमींची अंडी नाहीत. काकांनी तो आधी उभ्याने वाचला, मग चष्मा पुसून बसून वाचला, आणि कागद उलटा करून मागेही पाहिलं.

“सगळीकडे नाही, नाही, नाही,” ते म्हणाले, “मग पैसे कसले घेतले?”