आधी सातबारा दाखवा

शिरूर-दौंड पट्ट्यात संसार मोडला की अजूनही आधी बैठक बसते. दोन्हीकडचे पाव्हणे, चार वजनदार माणसं, शेवटी स्टॅम्प पेपर. सोडचिठ्ठी लिहितात, पोरीच्या हातावर एकरकमी काही टेकवतात आणि तळाशी ओळ घालतात: यापुढे पोटगी मागणार नाही. हा कागद फुकाचा आहे, हे बैठकीतल्या एकानं तरी तिला सांगायला हवं. सिद्ध करता येईल अशी जुनी रूढी सोडली, तर हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट कोर्टच देतं. पोटगी सोडल्याची अटही कोर्टांनी वेळोवेळी नाकारली आहे. २०२४ साली शंभराचा स्टॅम्प जाऊन पाचशेचा आला. कागद महागला, वजन तेवढंच राहिलं.

खरी मेख पैशात आहे. "त्याच्या नावावर काहीच नाही," हे ठरलेलं वाक्य. जमीन सासऱ्याच्या नावावर, उसाचं बिल त्याच्याच खात्यात. नवरा रांजणगाव नाहीतर कुरकुंभच्या कंपनीत, पण ठेकेदाराकडे, म्हणून पगाराची स्लिप नाही. मग तिनं खुरपलेल्या, रात्री दारं धरलेल्या रानाचा हिशोब कोण देणार? संसारात कमावलेल्यात बायकोचा निम्मा वाटा आपला कायदा मानतच नाही. गोव्यात मानतात. तिथं १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर, मालमत्ता दोघांची सामाईक धरतात. आपल्या शेजारच्या खेड तालुक्यात, आंबेठाणला राहून शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. १९९२ साली सरकारनंही बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची योजना काढली. पण सगळं नवऱ्याच्या मर्जीवर, आणि मर्जी फिरल्यावरच तर बाई कोर्टाची पायरी चढते.

म्हणून बैठकीत सही मागणाऱ्यांकडे आधी सातबारा आणि बँकेचा उतारा मागा. तो नाहीच दिला, तर कोर्ट मागेल. रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात २०२० साली सुप्रीम कोर्टानं ठरवून दिलंय की पोटगीच्या दाव्यात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज प्रतिज्ञापत्रावर मांडायचं. पोटगी धरायची ती अर्जाच्या तारखेपासून. "दिवाळी होऊ द्या, मग बघू" म्हणत घालवलेला प्रत्येक महिना तिच्याच पदरचा जातो. नवऱ्याच्या नावावर हिस्सा असेल तर कायम पोटगीसाठी कोर्ट त्यावर बोजा ठेवू शकतं. सोसायटीच्या कर्जाचा बोजा इतर हक्कात चढतो, तसाच हाही चढवून घ्यावा.

शिरूरला दिलेली दौंडची लेक माहेरी राहत असेल, तर दावा माहेरच्या हद्दीतल्या कोर्टात लावू शकते. तारखांसाठी न्हावरे-चौफुला रस्त्यानं हेलपाटे नकोत. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. बाईला तिथं उत्पन्नाची अट नाही. जाताना दागिन्यांच्या पावत्या आणि लग्नातले फोटो न्यावेत. ते स्त्रीधन तिचं एकटीचं, हे सुप्रीम कोर्टानं १९८५ सालीच सांगितलंय. पाव्हण्यांनी ते पोटगीत वळतं करू नये.