खाऱ्या टाकीची शुद्धी: प्रवाळपालकांसाठी अधिकृत कार्यपद्धती

प्रवाळांची टाकी शुद्ध करायची तर आधी ती पुरेशी घाण झाल्याची खात्री करून घ्यावी. फ्रोजन कोळंबी वितळलेल्या पाण्यासकट टाकावी; मासे भुकेले दिसतात म्हणून संध्याकाळी पुन्हा टाकावी. वर भरायला स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी घ्यावं. पुष्कळ घरगुती आरओंमध्ये चवीसाठी टीडीएस कंट्रोलर थोडं नळाचं पाणी परत मिसळतो, ही गोष्ट प्रवाळांच्या कानावर जाऊ देऊ नये. (टीडीएस मीटर शून्य दाखवेपर्यंत पाणी टाकीत जाऊ नये, असं जाणकार म्हणतात. जाणकारांना वेळच वेळ असतो.) काचेवर हिरवा थर धरला, की आपण फिल्टर मीडिया विकत घ्यायला पात्र झालो.

सुरुवात अॅक्टिव्हेटेड कार्बनने करावी. तो आधी धुवावा लागतो. काळं पाणी निघतं, मग आणखी काळं निघतं. बेसिन पांढरं असेल तर घरात कुणी नसताना उरकावं. कार्बन पाण्याचा पिवळेपणा ओढून घेतो. पार्किंगच्या वादात गाडीची हवा सोडावी तसे मऊ प्रवाळ शेजाऱ्याला हटवायला पाण्यात विष सोडतात, तेही ओढतो. अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट यांच्या वाटेला मात्र तो जात नाही. उत्साहाच्या भरात मोठी पिशवी सोडली तर पाणी इतकं नितळ होतं, की रोजचाच दिवा प्रवाळांना भाजून काढतो. म्हणून आधी निम्माच घालावा.

फॉस्फेटसाठी जीएफओ. म्हणजे दाणेदार फेरिक ऑक्साइड, म्हणजे सरळ बोलायचं तर गंज. काच घासायच्या चुंबकाला नि स्क्रूला गंज धरू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसणारा माणूस तोच गंज पैसे मोजून आणतो आणि रिअॅक्टरमध्ये, म्हणजे पाणी खेळवणाऱ्या नळकांड्यात, ओततो. प्रवाह एवढाच ठेवावा की वरचे दाणे जेमतेम हलावेत. जोरात उसळले तर एकमेकांवर घासून त्यांची भुकटी होते नि टाकीभर पसरते. टेस्ट किटवर ०.०३ पीपीएमच्या आसपास आकडा आला की थांबायचं असतं. पण उतरता आकडा बघायची चटक वाईट. शून्य आल्याचा आनंद ओसरतो तोवर प्रवाळ फिके पडलेले असतात आणि वाळूवर बुडबुडे धरलेला तपकिरी, बुळबुळीत थर येतो. हे डायनोफ्लॅजेलेट्स, बाकीच्यांची उपासमार झाली की त्यांचं फावतं. आता फॉस्फेटची बाटली आणून थेंबथेंब टाकीत घालावी. काढायचं आणि घालायचं, दोन्ही एकाच दुकानात मिळतं. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलूनही बरंच काम होतं, पण त्यात बादल्या उचलाव्या लागतात.

तांब्याच्या बाबतीत थट्टा नको. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या बऱ्याच औषधांत ते असतं, म्हणून उपचार वेगळ्या टाकीतच करावेत. दुसरी वाट घरातली. तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवलेलं पाणी प्रकृतीला चांगलं, म्हणून वडीलधारे मायेनं रोज तेच टाकीत भरतात. पाणी उडून जातं, तांबं मागे साठतं, आणि कोळंबी नि गोगलगायी सर्वांत आधी जातात. मग तांबं शोषणारी रेझिन टाकावी. निळसर झाली म्हणजे पकडते आहे. पाण्यातलं कमी झालं तरी दगड आणि वाळू आपल्याकडचं हळूहळू सोडत राहतात, तेव्हा रेझिन बदलत राहावी आणि कळशी माळ्यावर टाकावी. कळशी आजीच्या माहेरची असेल, तर टाकी माळ्यावर टाकावी.