भाव करायला माणूस हवा

नामपल्लीत एक जानेवारीला नुमाइश भरते आणि पुढचा दीड महिना हैदराबादेत छापील किमतीवर कुणाचा विश्वास राहत नाही. निजामाच्या राज्यात १९३८ साली सुरू झालेलं हे प्रदर्शन. काश्मिरी शालींपासून लोणच्यांपर्यंत सगळं इथे मिळतं. आमच्या घरात शाल न घेता परतलेलं चालतं, पण भाव न करता घेतलेली चालत नाही.

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओगेम आमच्याकडे आला तो इथूनच. पिवळ्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं लिहिलेलं. प्रत्यक्षात रणगाडे, बदकं, मारिओ धरून दहा-बारा खेळ; पुढे तोच मारिओ कधी मधल्या टप्प्यापासून, कधी नव्या नावाने. आईने शंका काढली, तर दुकानदार शांतपणे म्हणाला, “अम्मा, गिनके देखो. एक भी कम निकला तो पैसे वापस.” मोजायला बसतंय कोण!

हा सगळा माल जपानच्या निन्टेन्डोची नक्कल होता. त्यांच्या १९८३ च्या फॅमिकॉम या खेळयंत्राला कुलूपच नव्हतं, त्यामुळे नकला आशियाभर पसरल्या. अमेरिकेत जाताना कंपनी शहाणी झाली. तिथल्या यंत्रात एक चिप आणि कॅसेटमध्ये तिची जोडीदार. दोघींची ओळख पटली तरच खेळ सुरू. पण पिनांचा स्पर्श नीट झाला नाही की ही ओळख बिनसायची, आणि अस्सल कॅसेट घेतलेल्या सज्जनाच्या टीव्हीचा पडदा उघडझाप करत बसायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

पुढे सीडी आल्या, तरी संन्याशाचे भोग संपले नाहीत. सेफडिस्क नावाचं कुलूप लावलेले खेळ लोकांनी रोख पैसे मोजून घेतले. २०१५ साली विंडोज १० आलं आणि सुरक्षेच्या कारणाने त्याने हे कुलूप ओळखायलाच नकार दिला. अस्सल सीडी कपाटात पडून राहिली. कुलूप तोडलेली प्रत मात्र ठणठणीत चालली.

मुळात या धंद्याचं गणितच विचित्र. पहिली प्रत बनवायला कोट्यवधी लागतात, दुसरीला एक कोरी सीडी पुरते. पन्नास डॉलरचा खेळ २००० सालच्या दराने सव्वादोन हजारांवर जाई. रस्त्यावर तोच शंभराच्या आसपास. विकणारा चोर खरा, पण कंपनीच्या वतीने आमच्याशी भाव करणारा तेवढा एकच माणूस होता.

हे उमगलं पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीला. १९९९ साली ‘बाल्डर्स गेट’ विकताना त्यांनी खेळ पोलिश भाषेत आणला आणि खोक्यात नकाशासारख्या वस्तू घातल्या. भाजीवर कोथिंबीर द्यावी, तसं. चोरट्या सीडीपेक्षा खोकं महागच, तरी लोकांनी घेतलं. आपल्याकडेही हैदराबादच्याच ऑरोना कंपनीने केलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ २००९ साली प्लेस्टेशन २ वर आला, तो पाचशेच्या आत. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाने २०१५ मध्ये रुपयांत किमती लावल्या. सणासुदीला तिथेही निम्म्याने उतरतात. म्हणजे यंत्रंसुद्धा हळूहळू घासाघीस शिकली.

आता तर खेळच फुकट. आमचा भाचा मोबाइलवर बीजीएमआय हा लढाईचा खेळ खेळतो. पैसे मोजतो ते बंदुकीच्या कपड्यांचे. होय, बंदुकीला कपडे असतात आणि ते माझ्या शर्टापेक्षा महाग असतात. चोरून तरी काय चोरणार? कपडे कंपनीच्या सर्व्हरवर वाळत घातलेले.

मी सवयीने विचारलं, “अरे, काही कमी करतात का बघ की.”

“मामा, तिथे विचारणार कुणाला?”

चाळीस वर्षं चिपा, सीडी, कोड करून जमलं नाही ते कंपन्यांनी अखेर साधलं. कुलूप काढलं, माल फुकट ठेवला आणि दुकानदारालाच घरी पाठवलं. आमच्या आईपुढे हा एकच उपाय टिकला असता.